काचेवरून कॅनव्हासवर येताना: न वाळणारी काळी रेघ

स्टेन्ड ग्लासमधून, म्हणजे रंगीत काचेच्या चित्रांतून, तैलरंगाकडे वळणाऱ्यांनी काळी रेघ आधी विसरावी. काचकामात प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसतो, त्यामुळे चित्र डोळ्यांपुढे येतं तेच काळ्या चौकटींत. काच कापायची हिरकणी धरलेल्या हाताला ही सवय पक्की लागलेली असते. मीही आयव्हरी ब्लॅक या काळ्या तैलरंगाने जाड रेघा ओढल्या आणि मधली घरं रंगाने भरली. जुलैतलं बेळगाव, भिंतींना ओल. बाकीचे रंग आठवडाभरात बोटाला लागेनासे झाले, रेघ मात्र तिसऱ्या आठवड्यातही चिकट. तिच्यावर चढवलेल्या रंगाला पुढे बारीक भेगा पडल्या.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं अळशीचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. आयव्हरी ब्लॅक तेल खूप पितो आणि सावकाश वाळतो, गार, दमट, अंधाऱ्या खोलीत तर फारच. त्यावर लवकर वाळणारा पातळ थर दिला की वरचं कडक होतं, खालचं अजून हलत असतं, आणि वरचा थर तडकतो. घाई करून काही उपयोग नाही. दुकानदार ‘लवकर वाळेल’ म्हणून डबल बॉइल्ड अळशीचं तेल पुढे करतो. ते दारं-खिडक्यांसाठी ठीक, चित्रात पिवळं पडतं.

रेखाटन बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाने करा, टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतकं पातळ. अंबरमधलं मँगनीज वाळायला मदत करतं, म्हणून अशी रेघ एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही. पहिल्या थरात रंगात वरून तेल घालू नका, पुढे थरागणिक थोडं थोडं वाढवा. गडद छटा हवीच तर शेवटी, बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळून. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर मागून बुरशी चढते. जाड रंगाची कामं मी आता दिवाळीनंतरच काढतो.

काचेची झळाळी पांढरा रंग मिसळून येत नाही, रंग खडूसारखा होतो. काचेत उजेड मागून येतो, इथे तो पांढऱ्या अस्तरावरून परत येतो. म्हणून अॅक्रिलिक जेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, परत आडवा. प्रत्येक हात वाळला की २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, आणि शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस थांबा. वरून थॅलो ब्लू, गडद लाल अलिझरिन असे पारदर्शक रंग पातळ चढवा. तैलरंगावर अॅक्रिलिक मात्र कधीच नको.

वार्निश सहा महिन्यांच्या आत लावू नका. आणि हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं: अळशी तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.