फोटो तर सगळ्यांनाच दिसतात

"टॅटू आर्टिस्टचे फोटो फोनवर ढिगाने दिसतात. आवडला त्याला मेसेज करायचा, वेळ ठरवायची, झालं. मग मध्ये आर्टिस्ट शोधून देणारी तुमची कंपनी कशाला?" हे मला गुंतवणूकदार विचारतात, नातेवाईक विचारतात आणि सगळ्यात जास्त विचारतात ते स्वतः आर्टिस्ट. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट बसून सांगते.

माझा डावा हात मोडला होता. ऑपरेशन करून प्लेट बसवली आणि मनगटापासून कोपराच्या दिशेने एक लांब व्रण राहिला. तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही. त्याच्यावर नेच्याचं पान गोंदवून घ्यायचं होतं, व्रण म्हणजेच पानाचा देठ. आर्टिस्ट शोधायला मी तीन महिने घेतले. ज्याला निवडलं त्याच्या रेषा इतक्या बारीक आणि स्वच्छ होत्या की फोटो मोठा करून करून पाहत बसायचे. सहा महिन्यांनी माझ्या हातावरचं पान काही ठिकाणी पसरलं होतं आणि काही ठिकाणी उडून गेलं होतं. देठ तर ओळखूही येत नव्हता.

त्या आर्टिस्टवर माझा आजही राग नाही. तो उत्तमच होता, पण नितळ त्वचेवर. मी पाहिलेला एकही फोटो व्रणावरच्या कामाचा नव्हता, आणि एकही फोटो भरून आलेल्या टॅटूचा नव्हता. सगळे सुई थांबल्यावर पाच मिनिटांत काढलेले. हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आणून देणारं मध्ये कुणी नव्हतं. माझी कंपनी त्या रिकाम्या जागेत उभी आहे.

ताजा टॅटू सुंदरच दिसतो. त्वचा ताणलेली असते, शाई काळीभोर असते, वरून प्रकाश पाडलेला असतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते शरीर करतं. सुई शाई पोचवते ती वरच्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी ती गिळतात आणि धरून ठेवतात. या पेशी मेल्या की सांडलेली शाई शेजारच्या नव्या पेशी उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांच्या त्वचेवर हे दाखवून दिलं. ते वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ हाताकडे पाहत होते. टॅटू म्हणजे भिंतीवर मारलेला रंग नव्हे, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू आहे ती. सुई खोल गेली तर रेष खालच्या चरबीत पसरते, याला आर्टिस्ट लोक ब्लोआउट म्हणतात. उथळ राहिली तर खपलीबरोबर शाईही जाते. व्रणाच्या त्वचेत बोटाबोटावर जाडी बदलते, म्हणून तिथे सवयीचा हात लागतो. तो हात ताज्या फोटोत दिसत नाही.

म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच हट्ट: निदान सहा महिने जुन्या कामाचे फोटो. दिवसाच्या उजेडात काढलेले, फिल्टर न लावलेले. यावर पहिल्या बारा आर्टिस्टपैकी नऊ जणांनी नकार दिला. मला वाटलं, काहीतरी लपवतायत. तसं नव्हतं. त्यांच्याकडे असे फोटोच नव्हते, कारण टॅटू करून गेलेला माणूस परत दाखवायला येतच नाही. आपलं काम वर्षभराने कसं दिसतं हे त्यांनाही कळत नव्हतं. मग ते काम आम्ही अंगावर घेतलं. टॅटू झाल्यावर दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने आम्ही माणसाला आठवण करतो, फोटो मागवतो आणि आर्टिस्टलाही पाठवतो. एका आर्टिस्टने स्वतःची सहा कामं अशी एकत्र पाहिली आणि मनगटाच्या आतल्या बाजूसाठी सुई आणि हाताचा जोर दोन्ही बदलले. माझ्या लेखी कंपनीचं पहिलं यश ते.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचा अर्ज. लोकांना तो लांबलचक वाटतो आणि मी तो कमी करणार नाही. टॅटू शरीरावर कुठे, केवढा, तिथे व्रण आहे का, पूर्वी जखम भरताना गाठ झाली होती का, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का, लाल रंगाचा कधी त्रास झाला का (शाईच्या ॲलर्जीत लाल रंग सगळ्यात पुढे असतो). आर्टिस्टलाही प्रश्न असतातच. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, 121 अंशांपर्यंत जातो हे काट्यावर दिसतं, पण आतले जंतू खरंच मरतात का हे स्पोअर टेस्टने कळतं (त्यात चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मेले का पाहतात), म्हणून तिचा अहवाल आम्ही मागतो. एकदाच वापरायच्या सुया असतील तरी मागतो, कारण सुई ज्यात बसवतात तो दांडा पुन्हा वापरणारे असतात. शाईच्या बाटलीचा बॅच नंबर प्रत्येक टॅटूसोबत लिहून ठेवायला लावतो. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. उद्या एखादा रंग घातक ठरला तर तो कुणाच्या अंगावर आहे, हे सांगता आलं पाहिजे.

पैशाचं विचारता तर तेही सांगते. अशा धंद्यातली जुनी अडचण ही की एकदा ओळख झाली की दोघं पुढच्या वेळी थेट भेटतात आणि मधल्याला काही मिळत नाही. गुंतवणूकदारांचा सल्ला होता की आर्टिस्टचा नंबर लपवा. मी लपवला नाही. आम्ही फक्त पहिल्या भेटीवर कमिशन घेतो. ज्याला आपला माणूस सापडला त्याने आयुष्यभर त्याच्याकडेच जावं. मिळकत हळू वाढते, ठाऊक आहे. पण दोघांमध्ये भिंत घालून पैसे घ्यायला माझं मन धजत नाही. आगाऊ रक्कम मात्र आम्ही ठेवून घेतो, कारण सांगून न येणाऱ्या माणसामुळे आर्टिस्टचा अख्खा दिवस फुकट जातो आणि कित्येकदा रात्र जागून काढलेलं डिझाइनही.

माझ्या हाताचं पुढे काय झालं? आमच्याच यादीतली एक बाई फक्त व्रणांवर काम करते. तिने दोन बोटांनी व्रण चाचपला, कुठे टणक, कुठे मऊ हे पेनाने माझ्या हातावरच खुणा करून दाखवलं आणि म्हणाली, "बारीक रेषा विसर. इथे ठिपके टिकतील." पूर्वीचं पान तिने पुसलं नाही, त्याच्याभोवती ठिपक्यांची सावली धरली. देठ आता दिसतो.

काल एका मुलीचा अर्ज आला. ऑपरेशनला चार महिने झालेत, व्रण अजून गुलाबी आहे आणि तिला पुढच्याच आठवड्यात टॅटू हवाय. मी तिला स्वतः फोन केला. व्रण मुरायला वर्षभर तरी लागतं, आधी डॉक्टरांना दाखव, मग ये, असं सांगितलं. ती जरा हिरमुसली. मग तिने विचारलं, तोपर्यंत डिझाइनवर बोलता येईल का? येईल, म्हटलं. आठ महिन्यांनंतरची तारीख मी लावून ठेवली आहे.