सावली एक, शब्द दोन

आज यावलला ताईकडे होतो. ऊन मी म्हणत होतं, म्हणून निंबाखाली खाट टाकली. सातवीतली भाची वही घेऊन आली. 'माय शेड इज व्हेरी लाँग' या वाक्यावर लाल फुली. कारण काहीच लिहिलेलं नाही, याचं फार वाईट वाटलं. तिचा प्रश्न रास्त होता: "मामा, शेड काय नि शॅडो काय, दोन्ही सावलीच ना?"

तिला उन्हात उभं केलं. जमिनीवर दोन वेण्यांसकट आकृती पडली. ही शॅडो, हिला आकार असतो. आणि खाटेवर ऊन लागत नाही, गार वाटतं, ती शेड. तिनं शॅडोच्या कडेला काडीनं रेघ ओढली. थोड्या वेळानं परत तिथेच उभी राहिली, तर शॅडो रेघ सोडून सरकलेली!

मग हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल निघालं. उदाहरण शेजारीच, फैजपूर. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, म्हणून ते हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात महत्त्वाचं. त्या काळातला साधा हिशेबाचा कागदसुद्धा हिस्टॉरिकल, कारण तो इतिहासातला.

निघताना दिवस कलला होता. भाची फाटकापासून ओरडली, "मामा, माझी शॅडो बघ, पार रस्त्यापर्यंत गेली!"