जोत्यापासून कडीपाटापर्यंत: देवरुखजवळच्या घराचे सहा महिने

दिवाळीनंतर आखणीची दोरी मारली होती. काल संध्याकाळी माजघरावरची शेवटची कडी, म्हणजे माडीच्या फळ्या पेलणारं आडवं लाकूड, बसली. मधल्या सहा महिन्यांत रोज रात्री वहीत दोन ओळी तरी लिहिल्या, त्यातूनच हे उतरवतोय. चुना, जांभा, लाकूड यांचा नाद असलेले आणि स्वतः कामावर उभे राहून घर बांधणारे जे आपल्यातले आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून मापं शक्य तितकी नेमकी दिली आहेत.

घर 22 बाय 30 फुटांचं, भिंती 9 इंची चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या. मधोमध 10 बाय 14 चं माजघर, त्याच्यावर माडी, बाकी सगळं कौलाखाली. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठरलेली होती. सिमेंटवाचून जिथे खरंच अडतं तिथेच सिमेंट वापरायचं, आणि वरचं सगळं असं बांधायचं की पुढे कधी उकलावं लागलं तर चिरा चिऱ्यापासून आणि कडी तिला पेलणाऱ्या तुळईपासून धड सुटली पाहिजे. चुनखडी भाजली की तिच्या 100 किलोंतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग ती चुन्यासाठी भाजा की सिमेंटसाठी. पण चुन्याची भट्टी 900 अंशांच्या आसपास भागते, सिमेंटच्या भट्टीला 1450 लागतात. शिवाय भिंतीतला चुना वाळता वाळता हवेतून तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि त्यातूनच दगड होतो. सिमेंटच्या भिंतीतला चिरा काढू गेलात तर चिरा फुटतो, सांधा फुटत नाही. मला हे कारणही तितकंच मोठं वाटतं.

नोव्हेंबर: पाया

साडेतीन फुटांवर कडक मुरूम लागला. त्यावर अडीच फूट रुंद, 6 इंच जाड पीसीसी, म्हणजे सळीवाचूनचं काँक्रीट; सिमेंट, वाळू आणि खडी 1:4:8 प्रमाणात. भिंतींची एकूण लांबी 140 फूट, सिमेंट लागलं 17 गोण्या. आपल्या आजे-पणजांनी केला तसा हा थरही चुन्याच्या काँक्रीटचा करता आला असता. पण पावसाच्या आत छप्पर चढवायचं तर तेवढा वेळ हाताशी नव्हता. त्याच्यावर काळ्या दगडाचं काम, जोतं जमिनीपासून 2 फूट वर. जमिनीखालच्या मसाल्यात सुरखी घातली, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. नुसता चुना ओल्यात धरत नाही, सुरखीचा धरतो.

क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, पहिला डंपर आला तेव्हा माल दिसायला झकास होता. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत तो घातला, वर पाणी आणि चमचाभर मीठ, जोरात हलवून रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी बरणीत दोन थर स्वच्छ दिसत होते. खाली दाणेदार ग्रीट आणि वर चिखलासारखी राखाडी साय, एकूण मालाच्या जवळजवळ पाव हिस्सा. ही साय पाणी पिते आणि दाण्याला सिमेंट धरू देत नाही. डंपर परत पाठवला, दोन दिवस काम थांबलं, गवंडी माझ्यावर नाराज झाले. दुसरा माल धुतलेला आला. त्याची बरणी मी त्यांनाच हलवायला दिली, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेला बरणी तेच मागतात.

डिसेंबर: जोत्यावरचा पट्टा

सिमेंटवाचून अडतं म्हणालो, ते मुख्यतः इथे. जोत्यावर सगळ्या भिंतींखालून सलग फिरणारा आरसीसी पट्टा, 9 इंच रुंद, 6 इंच उंच. 10 मिमीच्या चार सळ्या, 8 मिमीच्या रिंगा दर 6 इंचांवर. कोपऱ्यात सळी तोडायची नाही. ती वळवून पुढच्या भिंतीत किमान 20 इंच न्यायची. पट्टा उघडा पडला तर तो त्या वळणावरच उघडा पडतो. अस्साच दुसरा पट्टा चौकटींच्या डोक्यावर, 5 इंची. दोन्हींना मिळून 22 गोण्या.

कोयनानगर इथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्या आईला लख्ख आठवतो, पहाटेच्या अंधारात सगळं घर अंगणात आलं होतं. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत काय झालं ते तर सगळा महाराष्ट्र जाणतो. तिथल्या जाड दगडी भिंतींना आतलं आणि बाहेरचं अंग बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते, चार भिंतींना एकत्र धरणारा पट्टा नव्हता. हादऱ्याबरोबर भिंती दोन्ही अंगांनी फुटून माणसांवर आल्या. दगडाचा आणि मातीचा त्यात दोष नव्हता, बांधणीचा होता. म्हणून नैसर्गिक घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: या दोन पट्ट्यांत काटकसर करू नका.

पट्टा भरताना एक चूक घडली. 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी असं ठरलं होतं, बादलीवर खूणही केली होती. दुपारी मी जेवायला गेलो आणि माल लवकर सरकावा म्हणून पाणी वाढवलं गेलं. वायव्येच्या कोपऱ्यात सळी दाट होती. तिथे पातळ झालेला रस फळ्यांच्या फटीतून वाहून गेला आणि खडी तेवढी मागे राहिली. फळ्या काढल्यावर हातभर लांबीत पोकळ्याच पोकळ्या, बोट आत जाईल एवढ्या. सुटे खडे निघून घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीने खरवडलं, जागा रात्रभर भिजत ठेवली, सकाळी बारीक खडीचा कडक माल ठासून भरला आणि त्या कोपऱ्याचं पाणी मारणं आणखी आठवडाभर लांबवलं. त्या दिवसापासून काँक्रीट असलं की जेवण कामावर.

सिमेंट फ्लाय अ‍ॅशवालं, म्हणजे वीजकेंद्राची राख मिसळलेलं पीपीसी घेतलं. त्यात भट्टीतून निघालेल्या क्लिंकरचा वाटा कमी असतो, पण ताकद सावकाश येते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी पुरतं असं धरलं तरी पीपीसीला निदान दहा हवेत, आणि चौदा मारले तर फारच उत्तम. आम्ही गोणपाट आणि त्यावर भाताचा पेंढा पसरून चौदा दिवस ओलं ठेवलं. पेंढ्याखालचं गोणपाट दुपारी दोन वाजताही ओलं आणि गार लागायचं.

जानेवारी ते मार्च: भिंती

याबद्दल थोडक्यात. चिरे ऑक्टोबरातच आणून रचून ठेवले होते. खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो आणि हवेवर राहिला की कडक होतो. हातोडीने टोला मारला की खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर बाजूला. कळीचा चुना महिनाभर टाकीत मुरवला. चिरा भिजवल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि चुन्याची नुसती भुकटी उरते. दिवसाला तीन थरांच्या वर चढायचं नाही. सिमेंटवर हात बसलेल्या गवंड्यांना हे फार जड गेलं, पण दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरलेली भिंत उभी राहिल्यावर संध्याकाळी तेच मागे सरून बघत उभे राहायचे.

एप्रिल: कडीपाट

ज्याची मी सहा महिने वाट बघत होतो ते काम हे. माजघरावर स्लॅब टाकला असता तर 15-16 गोण्या सिमेंट आणि दीडशे किलोच्या आसपास सळी गेली असती. त्याऐवजी जुन्या पद्धतीचा कडीपाट: तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या.

लाकूड जुनं, शेजारच्या गावातल्या उतरवलेल्या घराचं. सागाच्या 14 कड्या, 3 बाय 4 इंच, 11 फुटांहून थोड्या जास्तच लांब, आणि 6 बाय 8 ची तुळई. आमच्या सुतारमामांनी एकेक कडी दोन ओंडक्यांवर ठेवून हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत नेली. आवाज बदलला की थांबायचं, पटाशीचं टोक घुसवून बघायचं. तीन कड्यांची टोकं भिंतीतल्या ओलीने खाल्लेली होती, एकीत वाळवीची जुनी पोकळी होती. राहिल्या दहा. त्यांतले खिळे काढायला अख्खे दोन दिवस गेले. चौकोनी, हाताने घडवलेले खिळे, लाकडात गंजून काळे पडलेले. रंधा मारल्यावर वरच्या काळपट कातडीखालून मधासारखा पिवळा साग निघाला आणि वास असा आला की जणू झाड कालच कापलंय.

जुन्या घरात या कड्या आडव्या टाकलेल्या होत्या, 4 इंचांची बाजू खाली, फूट-फूट अंतरावर. मी त्या उभ्या ठेवायच्या ठरवल्या. लाकूड तेच असलं तरी ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो आणि रुंदीने नुसता सरळ. त्यामुळे 3 बाय 4 ची कडी उभी ठेवली की आडवीपेक्षा पावणेदोन पट ताठ होते. पण अंतर दीड फूट धरलं, आणि 10 फुटांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, या कड्यांना झेपेल का याची शंका होती. म्हणून बसवण्याआधी करून बघितलं.

माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला 200 किलो धरायचे, वर फळ्या-कड्यांचं स्वतःचं वजन. एका कडीच्या वाट्याला साधारण साडेतीनशे किलो येतात. अंगणात चिऱ्यांच्या दोन थप्प्या 10 फुटांवर रचल्या, कडी उभी ठेवली, आधाराला दोन्ही अंगांना पट्ट्या दिल्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत ग्रीट भरून 50-50 किलोच्या सात गोण्या तिच्यावर ओळीने मांडल्या. कडीखालून दोरी ताणलेली होतीच. मध्यावर कडी 21 मिमी खाली आली. मोडायचं नावही नव्हतं, पण 10 फुटांना 12-13 मिमीपेक्षा जास्त झोल मला नको होता. माडीवर पोरं धावली की खाली माजघरात माती झडते ती अशा झोलामुळेच.

मी कड्या जवळ आणायच्या गोष्टी करू लागलो. अंतर निम्मं केलं तर झोल निम्मा होईल, पण कड्या लागतील एकोणीस, हाताशी दहा. सुतारमामांनी गोण्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "दादा, कड्या कशाला वाढवताय? मधे तुळई घाला, गाळा अर्धा होईल."

तुळई मी खरं तर पडवीसाठी ठेवली होती. रात्री वहीत हिशेब मांडला. झोल लांबीच्या चौथ्या घाताने बदलतो. गाळा 10 चा 5 झाला की झोल सोळाव्या हिश्शावर येतो, 21 चा सव्वा मिलिमीटर. कडी तुळईवरून अखंड गेली तर त्याहूनही कमी. मामांनी आयुष्यात हा घात मांडला नसेल, पण त्यांच्या हाताला तो पक्का ठाऊक होता.

तुळईची लांबी 14 फूट, म्हणजे तिला मधे खांब हवाच. आणि खांबाखाली पाया मी नोव्हेंबरात केलेला नव्हता. माजघराचा ठोकून बसवलेला भराव पुन्हा उकरला, मुरुमापर्यंत गेलो, अडीच बाय अडीच फुटांचा पीसीसी टाकला, अर्धी गोणी आणखी. माडी पूर्ण भरली तर या एका खांबावर सव्वा टन येतो, तो नुसत्या भरावावर ठेवणं शक्यच नव्हतं. त्यावर दगडकाम आणि वर काळ्या दगडाचा घडीव उथळा (खांबाच्या बैठकीचा दगड), म्हणजे खांबाचं लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहतं. तुम्ही कडीपाट करणार असाल तर खांबाची जागा पाया खणतानाच नक्की करा, माझे चार दिवस त्यात गेले.

घरात मात्र खांबावरून चर्चा रंगली. आईला माजघरात झोपाळा हवा होता आणि खांब बरोबर मधे येत होता. शेवटी तिनेच पायरीवर बसून सुचवलं की झोपाळा खांबाच्या खिडकीकडच्या अंगाला घ्या, तिकडे 7 फूट मोकळे आहेत. तुळईला झोपाळ्याच्या लोखंडी कड्या अडकवायची जागा आता खडूने आखून ठेवली आहे.

कड्यांची टोकं भिंतीत 6 इंच आत आहेत. जुन्या तीन कड्या तिथेच कुजल्या होत्या, म्हणून टोकांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं गरम द्रावण तीनदा पाजलं, खाली सागाची पट्टी दिली आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडली. त्या फटीत मसाला भरायचा मोह गवंड्यांना फार होतो, तेव्हा उभं राहून बघा. लाकडाला वारा लागला तर ते टिकतं, चुन्यात गाडलं तर ओल धरून बसतं. तुळईवर प्रत्येक कडीला अर्ध्या इंचाची खाच, खिळा नाही, सागाची खुंटी. पहिली कडी भिंतीपासून 3 इंचांवर, पुढच्या मध्यापासून मध्यापर्यंत 18 इंच, दहावी पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा 3 इंचांवर. एका टोकाला पाण्याची नळी धरून लेव्हल बघितली, सगळ्यांत मिळून फरक 4 मिमी. तो पट्टीखाली पातळ पाचर देऊन काढला.

काल त्याच सात गोण्या पुन्हा वर चढवल्या, मधल्या कडीवर ओळीने मांडल्या. दोरी आणि कडी यांच्यातलं अंतर मी मोजलं, मग सुतारमामांनी मोजलं. मिलिमीटरभरही फरक नाही. मग आम्ही दोघं कड्यांवर फळी टाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेलो, आणि मामा मधे थांबून दोनदा टाच आपटून बघून आले.

सिमेंटचा आजवरचा हिशेब: पाया 17, दोन पट्टे 22, खांब अर्धी, एकूण साडेएकोणचाळीस गोण्या. पुढे भिंती आणखी 4 फूट, मग वासे आणि कौलं, मृगाच्या आत. फळ्या फणसाच्या, इंची, कडेला खाच आणि जीभ पाडून आणल्या आहेत. सध्या मधे पट्ट्या देऊन पडवीत सावलीला रचून ठेवल्यात. आत्ताच्या कोरड्या हवेत घट्ट ठोकल्या तर आषाढात फुगून उचलतील, म्हणून दोन फळ्यांमध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवायचा विचार आहे. कोकणात कुणी फणसाच्या फळ्या टाकून दोन पावसाळे काढले असतील तर त्यांनी किती फट ठेवली होती ते जरूर कळवा, ठोकणं मी कौलं चढेपर्यंत थांबवलंय.