डिसिजन यायच्या आधी काही कळतं का?

एप्रिल आलाय आणि आमच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात, विद्यापीठात ट्रान्सफरला बसलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक टॅब कायम उघडा आहे, प्रवेशाचा निकाल जिथे दिसतो त्या पोर्टलचा. माझ्याही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे युसी, त्यांच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस (एलए) या दोन कॅम्पसचं उत्तर अजून यायचंय. अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला, जानेवारीत फॉल सेमिस्टरचे ग्रेड्स भरायचा अपडेट फॉर्म गेला, आणि त्यानंतर नुसती शांतता. बाकीचे काही कॅम्पस मार्चपासून सांगायला लागतात, हे दोन मात्र शक्यतो एप्रिलच्या दुसऱ्या अर्ध्यात, आणि ३० एप्रिलपर्यंत सगळ्यांचं यायला हवं. म्हणजे शेवटची तारीख माहीत आहे पण नेमका दिवस माहीत नाही, आणि हाच तर सगळा त्रास आहे.

घरी हे समजावून सांगणं हा एक वेगळाच विषय. काकांनी फोनवर विचारलं, "अगं, पहिल्या कॉलेजात काही झालं का? मधेच कॉलेज कशाला बदलायचं?" त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे दोन वर्षं झाल्यावर विद्यापीठ बदललं म्हणजे काहीतरी बिनसलं असंच वाटतं. पण कॅलिफोर्नियात हा मुद्दाम बांधलेला रस्ता आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात, ठरलं होतं की पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून मुलं तिसऱ्या वर्षाला युसीत जाऊ शकतील आणि त्यांच्यासाठी वर जागा ठेवल्या जातील. ६० सेमिस्टर युनिट्स पूर्ण करायचे, मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, लागणारे कोर्स करायचे आणि थेट ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, म्हणून आत जायचं. काकांना हे पटलं, मग लगेच पुढचा प्रश्न, "कट-ऑफ किती?" दादाच्या वेळी इंजिनिअरिंगचे कॅप राउंड घरात सगळ्यांनी पाहिलेत, परसेंटाइल कळला की मागच्या वर्षीची यादी काढायची आणि कुठे लागेल कुठे नाही याचा बऱ्यापैकी अंदाज यायचा. इथे कट-ऑफच नाही हो काका. ग्रेड्स बघतात, कुठले कोर्स केले ते बघतात, साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं वाचतात, घरची परिस्थिती, नोकरी, सगळं एकत्र बघतात. त्यामुळे जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी ३.९ असलेल्याला नाही आणि ३.७ वाल्याला हो, असं होतं, आणि का झालं ते कोणी सांगत नाही.

जिथे यादी नसते तिथे माणूस खुणा शोधतो. मीही शोधल्या, सगळ्या, आणि प्रत्येकीच्या मागे ती यंत्रणा नक्की कशी चालते हे समजून घ्यायचा प्रयत्न केला, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं की यातलं काही खरं असतं का.

सगळ्यात लोकप्रिय म्हणजे पेजचा सोर्स कोड. राइट क्लिक करायचं, कोड उघडायचा आणि त्यात 'अॅडमिट' किंवा 'काँग्रॅच्युलेशन्स' शोधायचं. माझी मैत्रीण रोज रात्री करते. पण ब्राउझरला तेवढंच दिसतं जेवढं सर्व्हर पाठवतो, आणि पत्र सर्व्हरने अजून पाठवलेलंच नसेल तर कोडमध्ये येणार कुठून? जे शब्द सापडतात ते बहुतेक वेळा सगळ्यांच्याच पेजवर असतात, मेनूतले किंवा टेम्प्लेटमधले. तिला सापडलेला एक शब्द माझ्या पेजवरही जसाच्या तसा होता. दोघी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो, एकाच शब्दाने दोघींना वेगवेगळी आशा दिली होती.

मग ईमेल. "आमच्या कॅम्पसवरचं जीवन कसं असतं" अशी मेल आली की छातीत धडधडतं. त्या मेल अर्ज केलेल्या सगळ्यांना जातात. स्टुडंट आयडी नंबर मिळाला म्हणूनही लोक खूश होतात, तो अर्जासोबतच सगळ्यांना देतात, पोर्टलला लॉगिन करायला काहीतरी लागतंच ना. पोर्टल रात्री मेंटेनन्सला बंद असलं तर दुसऱ्या दिवशी निकाल, हाही एक समज आहे, आणि वर्षभरात ते किती वेळा बंद असतं हे कोणी मोजत नाही कारण ऑक्टोबरमध्ये कोणाचं तिकडे लक्षच नसतं.

फायनान्शियल एडची खूण जरा जास्त गंभीरपणे घेतली जाते, म्हणून तिच्याबद्दल नीट लिहिते. मी एफ-१ वर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, असल्यामुळे मला फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरता येत नाही, पण माझ्या ग्रुपमधले कॅलिफोर्नियाचे सगळे भरतात आणि मग कॅल ग्रांट या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर जाऊन बघतात की कुठल्या कॉलेजचं नाव दिसतंय. एकाला बर्कली दिसलं, तो अक्षरशः उडाला. पण कॅल ग्रांट देतं राज्याचं स्टुडंट एड कमिशन, युसीचं अॅडमिशन ऑफिस नाही, आणि तिथे दिसणारं नाव फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेजं कुठल्या क्रमाने लिहिली त्यावर अवलंबून असतं. त्याने बर्कली पहिलं लिहिलं होतं. मी त्याला हे सांगावं की नको यावर दोन दिवस विचार केला आणि शेवटी सांगितलं, कारण नंतर जास्त लागलं असतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, बरं झालं आत्ताच कळलं.

व्हेरिफिकेशनची मेलही अशीच. अर्ज गेल्यावर काही जणांना अर्जात लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा पुरावा मागतात, नोकरी, क्लब, पुरस्कार असं काही. कोणी म्हणतं ही चांगली खूण, म्हणजे ते आपल्याकडे सिरियसली बघतायत, कोणी म्हणतं संशय आला असेल. दोन्ही नाही, नावं रँडम निवडतात. पण ही मेल खूण नसली तरी फार महत्त्वाची आहे हे लक्षात ठेवा, उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो, त्यामुळे जानेवारीत स्पॅम फोल्डर रोज बघायला मी सगळ्यांना सांगते. खुणा शोधायच्या नादात अशी खरी मेल हुकायला नको.

आणि काउन्सेलर. आमच्या काउन्सेलर मॅम फार प्रेमळ आहेत, पण त्यांना आधी काही कळत नाही, कळूच शकत नाही. तरी लोक त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतात.

मग खरं काही आहे का? आहे, पण ते पोर्टलमध्ये नाही. युसीच्या इन्फर्मेशन सेंटरच्या साइटवर प्रत्येक कॅम्पसचा मेजरप्रमाणे ट्रान्सफरचा डेटा असतो, किती जणांनी अर्ज केला, किती जणांना घेतलं, आणि घेतलेल्यांचा जीपीए साधारण कुठून कुठपर्यंत होता. पूर्ण कॅम्पसचा टक्का बघून काही उपयोग नाही, कारण एकाच कॅम्पसवर दोन मेजरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. असिस्टच्या साइटवर तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स त्यांच्या कुठल्या कोर्सला चालतो ते दिसतं, मेजरचे सगळे कोर्स झालेत की नाही हे तिथे कळतं आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी खूण आहे, फक्त ती एप्रिलमध्ये बदलता येत नाही. आणि तिसरं, मागच्या वर्षांच्या निकालाच्या तारखा. दिवस सांगत नाहीत, पण आठवडा सांगतात, आणि निदान बाकीचे आठवडे तरी झोप लागते.

माझ्यापुरतं सांगायचं तर डेव्हिसचं आलंय, होकार. तिथे मी टॅग केला होता, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी, सप्टेंबरमध्ये फॉर्म भरायचा, सहा कॅम्पसपैकी एकच निवडता येतो. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या सगळ्यांना मी हात जोडून सांगेन, टॅग कराच. हातात एक हो असताना वाट बघणं आणि काहीच नसताना वाट बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग तरी बर्कलीसाठी एवढा जीव का टाकतेस, असं आई विचारते. पहिल्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्सच्या वर्गात आम्हाला न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूडच्या दुकानांवरचा अभ्यास शिकवला होता, किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या खरंच कमी होतात का हे प्रत्यक्ष दुकानांना विचारून मोजणारा. तो करणाऱ्यांपैकी एक डेव्हिड कार्ड, २०२१ चं नोबेल मिळालेले, बर्कलीचे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे असं काम आपल्यालाही करायचंय, लोकांच्या पगाराबद्दलचे प्रश्न असे तपासून बघायचे. डेव्हिसला जाऊनही ते करता येईल हे मला माहीत आहे, तिथेही खूप चांगलं डिपार्टमेंट आहे. तरी मन बर्कलीकडेच ओढतं, आणि ते लपवायची मला काही गरज वाटत नाही.

आईचं आणि माझं आता ठरलंय. इथले संध्याकाळचे पाच म्हणजे तिच्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच, आणि निकाल दुपारनंतर कधीतरी येतो म्हणून ती महिनाभर त्या वेळेला उठून फोन हातात घेऊन बसायला तयार होती. मी तिला म्हटलं आई, तू झोप, होकार असो की नकार, तुझा चहा झाल्यावर मी स्वतः फोन करेन. ती हो म्हणाली. व्हॉट्सअॅपवर मात्र अजूनही साडेपाचला ऑनलाइन दिसते.

निकालानंतरचीही कामं आहेत आणि आमच्यासारख्या एफ-१ वाल्यांना ती जरा जास्त. १ जूनपर्यंत एका कॅम्पसला हो कळवायचं, मग इथल्या कॉलेजला सांगून सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं, रेकॉर्ड तिकडे पाठवायची तारीख ठरवायची, मग नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा नव्या कॉलेजचा कागद. ती रिलीजची तारीख उलटली की जुन्या कॉलेजच्या हातात काही राहत नाही, त्यामुळे दोन कॅम्पसमध्ये मन अडकलेलं असताना ती घाईने ठरवू नका, आधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोला. वेटलिस्ट मिळाली तर तिथे थांबायचंय असं वेगळं कळवावं लागतं, आपोआप नाव राहत नाही.

आणि सगळे होकार सशर्त असतात, डेव्हिसचासुद्धा. स्प्रिंगचे कोर्स पूर्ण करायचे, ग्रेड्स घसरू द्यायचे नाहीत, फायनल ट्रान्सक्रिप्ट वेळेत पाठवायची. शुक्रवारी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसची मिडटर्म आहे, डबल इंटिग्रल्स अजून कच्चे आहेत, त्यामुळे पोर्टलचा टॅब आज बंद केलाय आणि आता पाचव्या चॅप्टरची उदाहरणं सोडवायला बसते.