लांबचं बघत जा

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याची तारीख घ्यायला डॉक्टरांकडे गेलो होतो. आलोच आहे तर आपलेही डोळे दाखवून टाकावेत म्हणून मीही त्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसलो. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? म्हटलं, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. "म्हणजे कॉम्प्युटर," ते म्हणाले. "नंबर आहे तोच आहे. डोळे दमलेत. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडचं काहीतरी बघत जा. लांबचं बघायची सवय गेलीय तुमची."

औषध फुकटातलं असल्यामुळे लगेच सुरू केलं. आमचा फ्लॅट जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीतून सगळ्यात लांबची वस्तू कोणती दिसते, तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी. झाकण उडू नये म्हणून त्यावर वीट ठेवलेली. अंतर साधारण 30 फूट, म्हणजे नियमात बसणारं. रोज संध्याकाळी मी त्या विटेकडे 20 सेकंद बघू लागलो. चौथ्या दिवशी समोरच्या वहिनींनी जिन्यात बायकोला गाठलं. "तुमचे मिस्टर रोज आमच्या घराकडं काय बघत असतात हो?"

त्या दिवसापासून आम्ही लांबचं बघायला घराबाहेर जायला लागलो.

आता सोलापुरात लांबचं बघायचं म्हणजे जायचं कुठे? पुण्याला पर्वती आहे. साताऱ्याला तर उशाशीच अजिंक्यतारा. मुंबईकरांना काहीच नाही सुचलं तर समुद्र आहे. आमच्याकडे एक टेकडी म्हणून नाही. तसं सोलापूर समुद्रसपाटीपासून जवळपास साडेचारशे मीटर उंचावर आहे, पण चहूबाजूंचा मुलूखही तेवढाच उंच, त्यामुळे उपयोग शून्य. सिनेमाला सगळेच उभे राहिले की कुणालाच पडदा दिसत नाही, तसं. आमचा किल्लासुद्धा भुईकोट. नावातच भुई.

एक टेकडी मात्र आहे. ती वर्षातून एकदा ट्रकमधून येते.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार लागतो. गड्ड्यात आकाशपाळणा असतो. लहानपणी पाळण्यात बसायचं ते पोटात गोळा येण्यासाठी. आता वयानं गोळा नको वाटतो, पण त्या पाळण्याची खरी गंमत फिरण्यात नसून थांबण्यात आहे हे मला पन्नाशीत कळलं. खाली माणसं उतरवून नवीन भरत असतात, आणि तेवढा वेळ तुमची पेटी अगदी वर, डुलत उभी असते. कडी नीट लागलीय ना हे हातानं पुन्हा चाचपायचं, आणि मग बघायचं. एका बाजूला तळं, तळ्याच्या मधोमध देऊळ, देवळाच्या रोषणाईचं पाण्यात उलटं पडलेलं दुसरं देऊळ. किल्ल्याची तटबंदी अंधारात नुसती काळी रेघ. त्यापलीकडे दिवेच दिवे, आणि दिवे जिथे संपतात तिथे शहर संपतं. आपलं गाव कुठे संपतं हे एरवी कुठे दिसतं? खालून जिलबीचा वास, पिपाण्या आणि भोंग्यावरून कुणाचं तरी हरवलेलं पोर पुकारणारा माणूस. यंदा बायको शेजारी डोळे गच्च मिटून बसली होती. पैसे दोघांचे भरलेले, बघणारा एकटा मी. अर्धे पैसे वाया, असं हिशेब लिहिणाऱ्याच्या डोक्यात येतंच.

गड्डा उठला की वर्षभर भुईवरच भागवावं लागतं, आणि त्यातलं पहिलं ठिकाण तेच सिद्धेश्वर तळं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते लोकांकडून खोदून घेतलं असं मानतात. ते कन्नडमध्ये वचनं लिहिणारे संत, आणि कामही असं केलं की आठशे वर्षांनंतरही गावाच्या मध्यावर नजर अडणार नाही अशी मोकळी जागा शिल्लक राहिली. गाव वाढलं, चौकाचौकात दुकानांवर मजले चढले, पण पाण्यावर कुणाला मजला चढवता आला नाही. मी सकाळी साडेसहाला जातो. काठावर चुरमुरे विकणारी म्हातारी तेव्हा नुकती पोतं सोडत असते. दहा रुपयांचे घेतले की मासे येतात, आधी दोन-चार, मग पाण्याला उकळी फुटल्यासारखे. उरलेले चुरमुरे मीच खातो. पाणी दर वेळी स्वच्छ असतंच असं नाही, उन्हाळ्यात ते हिरवंगार होतं आणि वारा फिरला की वासही येतो. तरी सूर्य वर आला की किल्ल्याचा काळा दगड पाच-सात मिनिटं मधासारखा दिसतो. मग ऊन चढतं, दगड पुन्हा काळा होतो आणि मी कारखान्याची वाट धरतो.

इथे एक गंमत आहे. देवळाच्या बाजूनं किल्ला बघितला तर फुकट. किल्ल्यात जाऊन तटावरून देऊळ बघायचं तर तिकीट. पाणी तेच, अंतर तेच. तिकीट किरकोळ आहे, काढावं असंच आहे. आत झाडी आहे, जुन्या देवळाचे अवशेष आहेत, अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं आहेत आणि पुस्तकं न घेता बसलेलीही आहेत. फक्त बुरुजावर 20 सेकंद लांबचं बघणारा प्रौढ एकटा माणूस दिसला की ती जोडपी सरकून बसतात, त्याला इलाज नाही.

शाळेपासूनचा एक मित्र आहे, पूर्वभागातला, घरी तेलुगू बोलणारा, चार यंत्रमागांचा मालक. त्याला माझी ही डोळ्यांची उठाठेव सांगितली तर म्हणाला, "काय बघालास बे तळं? रोज तिथंच असतंय की ते." मग स्वतःच मला स्कूटरवर घालून एका रंगणीच्या कारखान्यामागे घेऊन गेला. आडव्या बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या. ओळीच्या ओळी. एक आख्खी ओळ डाळिंबी, मागची मोरपंखी, त्यामागची हळदी. पाणी निथळून खालच्या मातीवर तिन्ही रंगांचे ओघळ. आम्ही साखर पेठेत राहायचो तेव्हा हे रस्त्यारस्त्यावर दिसायचं, शाळेतून येताना लडींच्या मधून पळायचं आणि शर्टाला रंग लागला म्हणून घरी मार खायचा. आता हे कमी झालंय, बरंच काम बंद शेडमध्ये यंत्रावर होतं. डॉक्टरांच्या नियमात ते बसत नव्हतं, लडी हाताच्या अंतरावर होत्या. पण इतकी वर्षं मी हाच रंग वहीत 'डाइंग खर्च' म्हणून लिहीत आलो, तो असा दिसतो हे विसरलो होतो.

संध्याकाळचं आमचं ठिकाण म्हणजे आसरा पूल. रेल्वेवरचा हा पूल सोलापूरकरांना शिव्या द्यायला आहे. अरुंद, कायम तुंबलेला, मागच्याचा हॉर्न कधी थांबत नाही. बघायला म्हणून इथे कुणी येत नाही, आणि तेच बरं आहे. कठड्याला टेकून स्टेशनच्या दिशेला तोंड केलं की रूळ सरळ लांब जातात, आणि नजरेला जायला एवढी सरळ वाट शहरात दुसरी नाही. उन्हाळ्यात सूर्य जवळपास त्याच बाजूला उतरतो. रूळ तांब्याचे होतात. एकदा कोळशाची मालगाडी होटगीकडे निघाली होती, मी डबे मोजायला घेतले आणि एक्केचाळीसाव्या डब्याला मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, जीव द्यायचाय का?" मी वळून नाही म्हणेपर्यंत मोजणी चुकली.

कंबर तलावावर, म्हणजे आताच्या संभाजी तलावावरही दोन-चारदा गेलो. पक्षी चांगले दिसतात. जलपर्णी माजली की मात्र ते तळं आहे का हिरवळीचं मैदान हे कळत नाही, आणि डासांनाही लांबचं दिसत असावं, कुठूनही येतात.

सगळ्यात स्वस्त देखावा म्हणजे स्वतःची गच्ची. साखर पेठेतल्या आमच्या घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं. उन्हाळ्यात पारा 43-44 वर गेला की संध्याकाळी वर पाणी मारायचं, तापलेल्या मातीचा वास उठायचा, आणि जेवणं झाली की सोलापुरी चादरी टाकून सगळं घर वर. साण्यावर, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकावर, फरशी सरकवून ठेवलीय ना एवढं बघायचं, नाहीतर अंधारात पाय थेट स्वयंपाकघरात. शेजारच्या माळवदावरून तेलुगूतलं भांडण, पलीकडून कन्नडमधलं, आमचं मराठीत. वर पांघरूण म्हणून आभाळ. तेव्हा कुणी मुद्दाम लांबचं बघत नव्हतं, उताणं झोपलं की ते आपोआप दिसायचं.

आताच्या इमारतीत गच्ची आहे, पण तिला कुलूप आहे. किल्ली मागितली की "कशाला?" असं विचारतात. "बघायला" हे उत्तर चालत नाही. कुरडया घालायच्यात म्हटलं की लगेच मिळते. त्यामुळे आमच्या घरी दोन वर्षांत एकही कुरडई झालेली नाही आणि किल्ली सहा वेळा आणून झालीय. वर गेलं की आधी होटगी रस्त्याजवळच्या साखर कारखान्याची उंच चिमणी दिसायची. विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 च्या जूनमध्ये ती पाडली. त्यावरून गावात काय वाद झाले ते झाले, माझ्यापुरतं सांगायचं तर गच्चीवर गेलो की अजूनही नजर आधी तिथे जाते आणि काही न सापडल्यामुळे पुढे घसरते. हवा धुतलेली असली तर फार लांब, दक्षिणेला, फताटेवाडीच्या वीजप्रकल्पाची चिमणी दिसते. आता विमानही दिसतं. त्यातून सोलापूर कसं दिसत असेल याचं मला कुतूहल आहे, पण तो देखावा आपल्या बजेटाबाहेरचा.

हिप्परग्याचं तळं खरं तर या सगळ्यांचा बाप. इंग्रजांच्या काळात, 1871 साली, आदिला नदी अडवून झालेलं, कागदोपत्री एकरुख तलाव. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पक्षी उतरतात. मी ते दिवसा बघितलंय, पण लक्षात राहिलंय कोजागरीच्या रात्रीचं. तुळजापूरला चालत निघालो होतो, 45 किलोमीटर. रस्ताभर माणसंच माणसं, जागोजागी मांडव घालून फुकट चहा, केळी, खिचडी. तळ्यापाशी आलो तेव्हा पायाला पहिला फोड आलेला. बूट काढून रस्त्याकडेला बसलो आणि समोर सगळं पाणी पांढरं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता, पाणी कुठे संपतंय आणि चांदणं कुठे सुरू होतंय तेही नाही. शेजारी कर्नाटकातून आलेल्या एक आजी पाय चोळत बसल्या होत्या. त्यांनी तळ्याकडे बघून हात जोडले, माझ्या हातात एक केळ दिलं आणि उठून चालायला लागल्या. मी पुढे जेमतेम तुळजापूर गाठलं, त्या बहुतेक माझ्या दोन तास आधी पोचल्या असतील.

आईचा दुसरा डोळा महिन्याभरापूर्वी झाला. हिरवी पट्टी निघाल्यावर तिनं पहिली मागणी केली ती माहेरी जायची. माहेर वैरागला. बार्शीच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं तिकिटं फाडली. माझं पूर्ण, बायकोचं अर्धं, कारण 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि आईला 78 पूर्ण, त्यामुळे तिला माफ. तिघं एकाच बाकावर, खिडकी एकच. खिडकी अर्थातच आईला मिळाली, मधे बायको, आणि पूर्ण पैसे भरलेला मी कडेला, दोन डोक्यांच्या फटीतून बघत.

शहर सुटलं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, दोन्ही बाजूंनी उंच. नान्नज जवळ आलं तसा माळ उघडा पडायला लागला. हा माळढोक पक्ष्याचा मुलूख, 1979 साली अभयारण्य झालेला. माळढोक आता दिसेल अशी आशा कुणी धरत नाही, पण माळ आहे, पिवळा, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेला, आणि त्याच्या वर कसलाही अडथळा नसलेलं आभाळ. मी मनातल्या मनात 20 सेकंद मोजायला सुरुवात केली.

"ती बघ काळविटं," आई म्हणाली. "पाच आहेत. एक काळा नर हाय, शिंगं केवढी हायती."

"कुठं?"

"ती काय, बाभळीच्या पलीकडं."

बायकोलाही दिसली. मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. तोवर बाभळ मागे गेली होती. मागच्या बाकावरून कंडक्टर म्हणाला, "पुढच्या फेरीला बघा काका," आणि आईनं खिडकीची काच आणखी थोडी सरकवली.