तुम्ही विचारलंत म्हणून: डोक्याला मार माणसाच्या, मग प्रयोग उंदरावर का?

"मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरला डोक्याला मार लागलेले लोक येतच असतात. त्यांचाच अभ्यास करा, मुक्या जनावरांना कशाला त्रास?" नागपुरात हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे.

पेशंट दवाखान्यात येतो तोवर वेळ गेलेला असतो. मार किती जोराचा, कुठल्या बाजूने, त्याआधी तब्येत कशी होती, यातलं नेमकं फारसं हाती नसतं. पहिल्या काही मिनिटांत ग्लुटामेट (मेंदूतल्या पेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन) उसळतं, पेशींत कॅल्शियम शिरतं, मग सूज चढत जाते. हा क्रम बघायचा तर दुखापतीचं शून्यावं मिनिट माहीत हवं आणि ठरलेल्या वेळी मेंदूचा काप घेता यायला हवा. माणसात ते शक्य नाही.

सर्वांत रुळलेली एक पद्धत द्रवाच्या धक्क्याची आहे. रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) भूल देऊन कवटीला सुमारे ५ मिमीचं गोल छिद्र पाडतात. खालचं ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं चिवट आवरण, शाबूत राहिलं पाहिजे. छिद्रावर प्लास्टिकची नळी डेंटल सिमेंटने बसवून सलाइनने भरतात, ती यंत्राला जोडतात आणि लंबक सोडतात. सुमारे २ ॲटमॉस्फिअरचा दाब, जेमतेम २० मिलिसेकंद. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो दाब गिळतो आणि पडद्यावरचा टोकदार आलेख बसका होतो. ड्यूरा फाटलं तर तो प्राणी गटात धरायचा नाही. ड्रिलची उष्णताही खालचा मेंदू भाजते, म्हणून थांबत थांबत, थंड सलाइन सोडत छिद्र पाडायचं. तुलनेचा गटही तसाच हवा: तीच भूल, तेच छिद्र, फक्त धक्का नाही.

आमच्या मते सगळ्यात जास्त घात तापमान करतं. नवतपात बाहेर ४५ अंश, म्हणून खोलीतला एसी १८ वर. भूल दिलेल्या रॅटला स्वतःची ऊब राखता येत नाही, त्याचं अंग दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. थंड मेंदूला इजा कमी होते. औषधाचा गट त्या खोलीत झाला आणि दुसरा गट एसी बंद असताना, तर गुण एसीचा आणि नाव औषधाचं! गुदद्वारात तापमान मोजणारा प्रोब, खाली हीटिंग पॅड, आणि शुद्धीवर येईपर्यंत ३७ अंश, अर्धा अंश इकडेतिकडे. इथे सूट नाही. भूलही मोजूनमापून द्यायची, कारण आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध स्वतःच मेंदूला थोडं संरक्षण देतं.

स्मरणशक्ती तपासायच्या पाण्याच्या हौदातही उन्हाळा आडवा येतो. पाण्याखाली २ सेंमीवर लपवलेला पाट रॅटने शोधायचा असतो. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी तसंच भरलं तर तो निवांत तरंगतो, पाट शोधतच नाही, आणि नोंद होते की स्मृती गेली. पाणी २२ ते २५ अंशांवर आणूनच चाचणी घ्यायची. मोजणाऱ्याला गट कोणता हे कळता कामा नये.

इतकं करूनही रॅटचा मेंदू सुमारे २ ग्रॅमचा आणि गुळगुळीत. आपला साधारण १४०० ग्रॅमचा, वळ्यावळ्यांचा. गाडी आदळल्यावर डोकं फिरतं आणि लांब तंतू ताणले जातात, ते रॅटमध्ये नीट उतरत नाही. त्यासाठी डुक्कर वापरतात.

डोक्याच्या दुखापतीवर औषध म्हणून तपासलेल्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचं उदाहरण याच कारणासाठी विसरू नये. प्राण्यांत गुण दिसला, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत ८८२ आणि दुसरीत ११९५ पेशंट, फायदा दिसला नाही. कारणं अनेक असतील, पण एक डोळ्यांसमोर आहे: प्राण्यांना बहुतेकदा पहिला डोस तासाभरात मिळाला, पेशंटांना चार तासांपर्यंत, दुसऱ्या चाचणीत आठ तासांपर्यंत. गडचिरोलीहून रेफर झालेल्या माणसाला नागपूर गाठायलाच चार तास सहज लागतात. म्हणून कुणी प्रस्ताव दाखवला की आम्ही पहिला डोस चौथ्या तासाला ठेवायला सांगतो, आणि एका गटाला आठव्या.