टँकरवर बदली

गोदाकाठच्या आमच्या पट्ट्यात सकाळी कुणाचा ट्रॅक्टर चालू झाला ते घरात चहा पिता पिता कळतं. एका सिलिंडरचा आयशर असला की डुग... डुग... डुग, मधेच थांबतोय की काय असं वाटतं पण थांबत नाही, दिवसभर तसाच चालतो. एचएमटी २५११ म्हणजे दोन सिलिंडर, त्याचा आवाज जरा घोगरा. आणि आमचा मॅसी १०३५, तीन सिलिंडरचं चेन्नईचं सिम्सन इंजिन, तो चालू झाला की आई आतूनच म्हणते, "निघाले का रे तात्या?" नवीन ट्रॅक्टर मात्र सगळे सारखेच वाजतात. म्हणजे वेगळे वाजत असतील, पण पोरं त्याच्यावर गाणी लावतात तेव्हा इंजिन कोण ऐकतंय.

आमचा मॅसी नेमका कधीचा यावर घरात एकमत नाही. नाना म्हणतात मोठ्या आत्याच्या लग्नाच्या आधीचा, आत्या म्हणते नंतरचा, आणि आरसी बुक पाण्यात भिजून त्याचा लगदा झालाय. एवढं नक्की की एमएच सिरीज १९८९ ला आली त्याच्या आधीची नंबरप्लेट आहे. सातबाऱ्यावर बोजा चढवून आजोबांनी तो घेतला, आणि हप्ते फिटेपर्यंत आजीने त्याच्याकडे प्रेमाने बघितलं नाही असं सांगतात. आता तिच्या फोटोच्या शेजारी कोपऱ्यात मॅसीचं जुनं कॅलेंडर आहे, ते कुणी तिथं लावलं माहीत नाही, पण काढत कुणी नाही.

मला सांगायचंय ते असं की शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर कधी रिटायर होत नाही, त्याची फक्त बदली होत राहते. पहिली काही वर्षं तो नांगरटीला, म्हणजे सगळ्यात मानाच्या पोस्टवर. घरची नांगरट संपली की भाड्याने गावाची, रात्ररात्रभर, उन्हाळ्यात काळ्या रानात पल्टी नांगर घालून ही मोठाली ढेकळं काढत. मग कंप्रेशन उतरतं, धूर काळा यायला लागतो, मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करून घ्या. ते होतं, पण नांगर पुन्हा लावायची छाती होत नाही. मग बदली फणावर. तिथून रोटाव्हेटरवर काही जाता येत नाही कारण त्याला पीटीओला, म्हणजे मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, ताकद लागते, म्हणून थेट ट्रॉलीवर, कांदा मार्केटला न्यायचा. ट्रॉली भरली की चढावर पुढची चाकं हलकी व्हायला लागली, तर मग शेणखत आणि ऊसवाढं, तेवढंच. आणि शेवटची पोस्टिंग टँकर. आमचा मॅसी सध्या टँकरवर आहे. द्राक्षबागेत फवारणीला छोटा वीसेक एचपीचा नवीन घेतलाय, तो दोन ओळींमधून मांजरासारखा जातो, आणि हा बाहेर बांधावर उभा राहून त्याला पाणी पुरवतो. तात्यांना हे अजून पटलेलं नाही. छोट्यावर ते बसत नाहीत, "खेळणं आहे ते" म्हणतात.

गावात फिरलात तर प्रत्येक वस्तीवर असा एकेक टँकरवाला, नाहीतर पिठाच्या गिरणीवाला सापडेल. खालच्या मळ्यात एक इंटरनॅशनल आहे, बी-२७५, महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर १९६३ ला जी कंपनी काढली तिचं हे पहिलं मॉडेल. मूळ डिझाईन इंग्लंडचं पण बनला कांदिवलीत, आणि हे सांगितलं की मुंबईचे पाहुणे हमखास दचकतात, कारण कांदिवलीत फ्लॅटशिवाय काही बनतं हे त्यांच्या गावी नसतं. त्याच्या शेजारच्याकडे आयशर. आयशरचा पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ ला फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला, भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून तोच धरतात, जर्मन कंपनीचं तंत्रज्ञान होतं. ते इंजिन एअरकूल्ड, रेडिएटरच नाही, म्हणजे पाणी गळायचा विषय मुळातच मिटला. स्वराज मात्र पूर्ण देशी, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत डिझाईन झालेला, १९७४ ला बाजारात आला. आणि एचएमटी, घड्याळंवाली, तीच कंपनी, झेटर या चेक कंपनीच्या डिझाईनवर हरियाणात पिंजोरला ट्रॅक्टर बनवायची. २०१६ ला सरकारने तो कारखाना बंद करायचं ठरवलं. एचएमटीवाले आमचे अण्णा त्या दिवशी पेपर घेऊन मिस्त्रीकडे गेले आणि मिळतील तेवढे सील, बेअरिंग, नोझल उचलून आणले. अजून पत्र्याच्या पेटीत आहेत, ग्रीस लावून ठेवलेले.

आता लोक विचारतात की एवढं जुनं धूड कशाला ठेवता, डिझेल खातं. खातंच. पण आपल्या महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे एका खातेदाराकडे सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास. एवढ्या रानावर नव्या पन्नास एचपीचा हप्ता काढून बघा. हप्ता नसलेला ट्रॅक्टर कितीही डिझेल प्याला तरी महिन्याच्या पाच तारखेला फोन करत नाही. शिवाय तो बिघडला तर आपल्याला कळतं काय बिघडलंय. नवीनमध्ये, विशेषतः पन्नास एचपीच्या वरच्यांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले त्याच्यात, सेन्सर आहेत, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मग शोरूमचा पोरगा लॅपटॉप घेऊन येईपर्यंत वाफसा, म्हणजे रानातली कामाजोगी ओल, निघून जातो. धुराच्या बाबतीत नियम बरोबरच आहेत, आमच्या मॅसीच्या मागे चालणाऱ्याला विचारा. पण वाफसा निघून गेलेला दिसत असताना हे पटत नाही.

त्याउलट मॅसीची एअर काढायचं काम घ्या. टाकीतलं डिझेल पार तळाला गेलं की लाईनमध्ये हवा धरते आणि स्टार्टर नुसता खरखरतो. मग तेराचा पाना घ्यायचा, डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा, आणि खाली फीड पंपाची छोटी दांडी बोटाने खालीवर करत बसायचं. आधी काहीच येत नाही. मग बोल्टच्या कडेने फसफस करत फेस येतो, साबणासारखा पांढरट, तो येऊ द्यायचा, घाई करायची नाही, कारण मधेच बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. फेस कमी होत होत एकदम स्वच्छ डिझेलची धार लागते, हातावरून कोपरापर्यंत ओघळते, तेव्हा पंप चालू ठेवूनच बोल्ट आवळायचा. मग पुढचा बोल्ट. शेवटी नोझलचे पाईप, तिथं एकाने स्टार्टर मारायचा आणि एकाने पाना धरायचा. हे काम आमच्याकडे सगळ्यांना येतं, माझ्या चुलतबहिणीला सगळ्यात चांगलं येतं, ती पुण्यात बँकेत आहे आणि दिवाळीला आली की नखं बघून म्हणते "आज मला नका सांगू", आणि मग तीच येते.

बॅटरीचा खर्च तर आमच्याकडे कुणी मनावरच घेत नाही. आमचं रान सपाट, उतार कुठून आणणार, म्हणून गोठ्यामागे चार ट्रॉल्या मुरूम टाकून एक चढ केलाय. संध्याकाळी ट्रॅक्टर त्याच्यावर चढवून चाकाला दगड लावायचा, सकाळी दगड काढला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की झालं. चावी कधीच हरवलीय. बंद करायला स्टॉपची दांडी ओढायची असते, तिची केबल तुटली तेव्हापासून सुतळी बांधलेली आहे, आणि नवीन माणूस बसला की त्याला बंदच करता येत नाही, त्यामुळे चोरीची भीती नाही.

हार्वेस्टरची गोष्ट वेगळी. त्याच्या आठवणी आहेत पण कुठल्याच एका मशीनच्या नाहीत, कारण तो कुणाच्या दारात राहतच नाही. मार्च लागला, गहू पिवळा पडला की पंजाबच्या नंबरप्लेटची मशीनं हायवेवरून रांगेत येताना दिसतात, पुढचा चौदा फुटी कटर काढून मागे गाड्यावर लांबच्या लांब बांधलेला, वर गाद्या, सिलिंडर, परात. आपल्याकडचा गहू आधी पिकतो, त्यांचा बैसाखीला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. तेवढ्या वेळात इकडचं कापून वर वर सरकत ते घरच्या गव्हाला वेळेवर पोचतात. जगात सगळीकडे ह्या मशीनचं असंच दिसतंय. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला, अमेरिकेत मॅसी-हॅरिस कंपनीने अशीच ५०० मशीनं दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकाच्या मागे मागे पाठवली होती. आपल्याकडे स्वतःच्या इंजिनावर चालणारं पहिलं देशी हार्वेस्टर स्वराजचं, १९८० चं. पण गंमत मला दुसऱ्याच प्रकारात वाटते, ज्याच्यात आख्खा ट्रॅक्टर हार्वेस्टरच्या पोटात बसवलेला असतो. सीझन संपला की ट्रॅक्टर बाहेर काढतात, तो मोकळा होऊन ट्रॉली ओढायला लागतो, आणि हार्वेस्टरचा सांगाडा शेडमध्ये पुढच्या मार्चची वाट बघत बसतो. त्याची बदली कुठं करणार? त्याला दुसरं काही येतच नाही.

छोट्या रानाला ते मशीन बसतही नाही नीट. बांधाच्या दोन हात आधी वळावं लागतं, कोपरे तसेच राहतात, ते विळ्याने कापावे लागतात. शेजाऱ्याचा बांध थोडा दबला की वर्षभराचं भांडण. रस्ता नसेल तर मधल्या माणसाचा गहू आधी निघाल्याशिवाय मागच्याचा निघत नाही, मग मधल्याला मिन्नतवाऱ्या. आणि मुख्य म्हणजे काड. हार्वेस्टर दाणे टाकीत घेतो आणि काड मागे रानात पसरून देतो, ज्याच्या दावणीला दोन गाई आहेत त्याने भुसा कुठून आणायचा? म्हणून अजून बरेच लोक हाताने सोंगतात, पेंढ्या बांधतात, गंजी लावतात आणि हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, बोलावतात. आणि हडंब्याला पीटीओवर जोडलेला ट्रॅक्टर कुठला? हाच, टँकरवरून चार दिवस काढून आणलेला. एका जागी उभं राहून गरगर फिरवायचं काम आहे, चढ नाही, गिअर नाही, म्हातारा आरामात करतो. हार्वेस्टर फिरून गेलेल्या रानात दुसऱ्या दिवशी बाया सरवा वेचायला जातात तेव्हा त्यांच्या ओटीत किती गहू येतो ते बघून माझे काका दरवर्षी तेच म्हणतात, "अर्धं त्यांनी नेलं, अर्धं ह्यांनी, मी पेरलं कशाला." एवढं काही सांडत नाही, पण म्हणायचं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन लावायला तेच पहिले.

जुन्याचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र लोक सोयीने विसरतात. आमच्या लहानपणी प्रत्येक गावात हडंब्यात हात गेलेला एकतरी माणूस असायचा. पेंढी रेटता रेटता बाही ओढली जायची, किंवा पीटीओच्या शाफ्टवर धोतराचा सोगा, पदर. मळणी यंत्रांचे अपघात इतके होते की १९८३ ला केंद्राला त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर काही नाही, पट्टा नाही, आणि आम्ही चार चार पोरं मडगार्डवर बसून शाळेत जायचो. मडगार्डचा रंग तिथं बसून बसून घासून गेलाय, पत्रा चांदीसारखा दिसतो. भाचा लहान होता तेव्हा त्याला तिथं बसायला मी साफ नको म्हणायचो आणि तो रडायचा, रडू दे.

भाचा आता बारावीला आहे आणि त्याला मोबाईलवर इंग्लंडचे ट्रॅक्टर दिसायला लागलेत. तिकडे करड्या रंगाचा छोटा फर्ग्युसन असतो, टीई २०, १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांच्या वर बनले. मागे तीन ठिकाणी अवजार जोडून लिफ्टने उचलायची ती पद्धत हॅरी फर्ग्युसनची, नांगराचा भार चाकावर येतो म्हणून हलका ट्रॅक्टरही नांगरू शकतो. फर्ग्युसनला मॅसी हे नाव नंतर जोडलं गेलं, पण लिफ्ट तीच, म्हणजे आमचा टँकरवाला त्याच घराण्यातला. त्या टीई २० मधलेच तीन घेऊन एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला होता. हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिकडं गारेगार, इंजिन तापायचा प्रश्नच नव्हता."

इंग्लंडची माणसं असे जुने ट्रॅक्टर घासूनपुसून, रंग देऊन, रविवारी जत्रेत उभं करतात. भाच्याला मॅसीचं तसंच करायचंय, मूळ लाल रंग, नवे स्टिकर, सीटवरची गोधडी काढून गादी, बोनेटची पोचलेली बाजू ठोकून सरळ. कलरवाल्याकडून कोटेशन पण घेऊन आला. तात्यांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं, त्यात थेंब थेंब ऑइल पडत होतं. "आधी ह्याचं सील टाक," म्हणाले, "आणि शनिवारच्या आत टाक, रविवारी फवारणी आहे."